स्वयंवह यंत्र आणि धीयंत्र

भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहवेधासाठी व कालमापनासाठी लागणारी गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि फलक ही नऊ यंत्रे आचार्य तेथे सांगतात. याच अध्यायाच्या शेवटाकडे एक वेगळ्याच जातीचे यंत्र येते. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे. त्याला सारख्या अंतरावर, सारख्या पोकळीचे आणि एकाच दिशेने किंचित वळवलेले आरे बसवावेत. प्रत्येक आरा पाऱ्याने निम्मा भरून त्याचे तोंड बंद करावे. असे चाक दोन आधारांवर टेकलेल्या आसावर ठेवले म्हणजे ते आपोआप फिरत राहते. यालाच 'स्वयंवह' यंत्र असे नाव आहे. इंधन नको, बैल नको, वाहते पाणी नको, माणसाचा हातही नको.

ही कल्पना भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. त्यांच्या पाच शतके आधी, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त पाऱ्याच्या चाकाचे वर्णन केलेले आहे. लल्लाच्या ग्रंथातही स्वयंवह यंत्रे आहेत. पुढे अरबी ग्रंथांतून तशीच चाके दिसू लागतात, आणि तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ओनकूर याच्या चित्रवहीत लोंबत्या हातोड्यांचे चाक अवतरते. निरंतर गतीची ही कल्पना भारतातून इस्लामी जगतात आणि तेथून युरोपात गेली असावी, असे मत तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. मराठी वाचकाला या वंशावळीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. भास्कराचार्यांचे गाव कोणते, विजापूर की सह्याद्रीच्या कुशीतले एखादे ठिकाण, हा वाद जुना आहे. परंतु त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला तो चाळीसगावजवळच्या पाटण येथे, आणि त्याविषयीच्या १२०७ च्या शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे या महापुरुषावर कानडी व मराठी या दोन्ही भाषिकांचा सारखाच हक्क पोचतो.

अभिमानाने केलेले वाचन मात्र बहुधा चाकापाशीच थांबते. आचार्य त्यापुढे काय म्हणतात याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पारा व पाणी वापरणाऱ्या चाकांचे, तसेच वाकड्या नळीने पाणी ओढून घेणाऱ्या 'कुक्कुटनाडी'च्या चाकाचे वर्णन केल्यानंतर ते लल्लाच्या एका यंत्राला 'ग्राम्य' ठरवतात. त्यामागचे कारण लक्षणीय आहे. ते यंत्र 'सापेक्ष' आहे, म्हणजे बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहे. चतुर मनाला चमत्कृती वाटावी अशी युक्ती त्यात नाही. आणि लगेच पुढे ते सांगतात, की अशी आपोआप फिरणारी यंत्रे पुष्कळ आढळतात, पण ती कुहकविद्येने, म्हणजे हातचलाखीने, चालतात. गोलाच्या विषयाशी त्यांचा संबंध नाही. पूर्वसूरींनी सांगितली म्हणून आपणही सांगितली, एवढेच. एकोणिसाव्या शतकात बापूदेव शास्त्री या मराठी घराण्यातील काशीस्थ पंडितांच्या देखरेखीखाली १८६१ मध्ये गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे वाक्य जगापुढे आहे. तरीही स्वयंवह चाकाचा उल्लेख करणारे लेख शेकड्यांनी निघावेत आणि कुहकविद्येचा उल्लेख त्यांत क्वचितच यावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वस्तुतः हे चाक का फिरत नाही? त्याच्या रचनेत एक सुंदर फसवणूक दडलेली आहे. वाकलेल्या आऱ्यांमुळे एका बाजूचा पारा परिघाकडे सरकतो व दुसऱ्या बाजूचा आसाकडे ओढला जातो. आसापासून दूर असलेले वजन अधिक जोर लावते, हा तरफेचा नियम. तेव्हा चाक त्या बाजूला कलले पाहिजे, असे मनाला वाटते. डोळा एकाच आऱ्याकडे पाहतो. सगळे आरे एकदम हिशोबात घेतले तर असे दिसते, की ज्या बाजूला पारा दूर आहे तेथे कोणत्याही क्षणी पाऱ्याचे प्रमाण कमी असते, आणि ज्या बाजूला तो जवळ आहे तेथे ते जास्त असते. दोन्ही बाजूंचा जोर एकमेकांना छेद देतो. शिवाय एक फेरा पूर्ण झाला की पाऱ्याचा प्रत्येक थेंब पूर्वीच्याच उंचीवर येतो. खाली येताना त्याने जे दिले तेच वर जाताना परत घेतले. आसाचे घर्षण व हवेचा अडथळा यांना द्यायला मागे काहीच उरत नाही. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड आहे, म्हणून त्याच्याविषयी मोठे कुतूहल. पण जडपणा दोन्ही बाजूंना सारखाच वाढतो.

हे समजायला युरोपलाही वेळ लागला. १५८६ मध्ये सिमॉन स्टेव्हिन याने दोन उतरणींवर टाकलेल्या मण्यांच्या साखळीचा विचार केला. उजवीकडे मणी कमी व डावीकडे जास्त, म्हणून साखळी घसरत राहील काय? राहिली तर ती कायमची फिरेल, आणि तसे घडणे अशक्य आहे. म्हणून ती स्थिर राहिलीच पाहिजे. निरंतर गतीची अशक्यता गृहीत धरून त्याने समतोलाचा नियम सिद्ध केला. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला, की वर्तुळाचे चौरसीकरण, कोनाचे त्रिभाजन, घनाचे द्विगुणन आणि निरंतर गतीचे यंत्र यांविषयीचे प्रस्ताव यापुढे तपासले जाणार नाहीत. या ठरावाला पंडितांचा अहंकार म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. परंतु अकादमीने दिलेल्या कारणांत एक करुणेचा भाग होता. या ध्यासापायी अनेक कुटुंबे धुळीला मिळाली, समाजाच्या उपयोगी पडू शकले असते अशा कारागिरांनी आपले धन, काळ आणि बुद्धी त्यात घालवली, असे तिने नमूद केले होते. त्यानंतर १८२४ मध्ये कार्नो, १८४० च्या दशकात मायर, ज्यूल व हेल्महोल्ट्झ, आणि १८५० च्या सुमारास क्लाउझियुस व केल्विन यांच्या कार्यातून ऊर्जेचे नियम आकाराला आले. ऊर्जा निर्माण होत नाही, केवळ रूप बदलते. आणि त्या बदलात तिचा काही भाग उपयोगाच्या पलीकडे जातो. भास्कराचार्यांच्या शब्दांत मांडायचे तर या नियमांचा अर्थ एवढाच, की जगातील प्रत्येक यंत्र सापेक्ष आहे. निरपेक्ष यंत्र नाही.

या निष्कर्षाची सर्वांत बोलकी साक्ष म्हैसूर संस्थानाच्या इतिहासात मिळते. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या योजनेतून जलविद्युत् केंद्र उभे राहिले, आणि जून १९०२ मध्ये तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. ऑगस्ट १९०५ मध्ये त्याच विजेने बंगळूरच्या रस्त्यांवरील दिवे उजळले. कोळसा नाही, लाकूड नाही, धूर नाही. त्या काळच्या सामान्य माणसाला ही 'बिनइंधनाची' वीज वाटली असेल तर नवल नाही. परंतु हे यंत्र पूर्णपणे सापेक्ष होते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली पडले तर फार तर पाव युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते, आणि ते पाणी पुन्हा डोंगरावर नेण्याचे काम सूर्य व मोसमी वारा करतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी चाकांचा वेग मंदावतो. आचार्यांनी ज्याला ग्राम्य म्हणून बाजूला सारले त्या परावलंबी जातीच्याच चाकाने बंगळूरला प्रकाश दिला. चमत्कृतीचे निरपेक्ष चाक पोथीतच राहिले.

तथापि याच परिसरात, याच काळात, दुसऱ्या एका निरिंधन यंत्राची कथा जन्माला आली. बंगळूरजवळच्या आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात व्यंकटाचल शर्मा यांना संस्कृत श्लोक सांगितले. महर्षी भरद्वाजांचे म्हणून ते 'वैमानिक शास्त्र' या नावाने पुढे आले. बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एलप्पा नावाच्या आरेखकाने शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांच्या आकृत्या काढल्या. १९७३ मध्ये म्हैसूरच्या जी. आर. जोसियर यांनी इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत त्याआधीच शिवकर बापूजी तळपदे यांची आख्यायिका घडत होती. तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, ते पाऱ्याच्या शक्तीवर चालले, थोर पाहुण्यांच्या साक्षीने दीड हजार फूट उंच गेले, असे सांगितले जाते. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. पुढे या दोन कथांची सांगड घातली गेली, आणि पारा, सूर्यकिरण व मंत्र यांच्या बळावर इंधनाविना उडणारे विमान अनेक मराठी घरांत वडिलोपार्जित सत्य म्हणून नांदू लागले. ब्रह्मगुप्ताच्या चाकातला पारा येथे नव्या वेषात परतला.

येथे बंगळूरचे वेगळेपण दिसते. ग्रंथाचा उगम ज्या शहराच्या वेशीवर झाला, त्याची कठोर परीक्षाही त्याच शहरात झाली. भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्रा'चा चिकित्सक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथ न वाचता हसण्यावारी नेणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. हस्तलिखिताचा माग काढला. भाषा व छंद पाहिले. ती वैदिक नसून अर्वाचीन संस्कृत आहे आणि ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही, असे दाखवले. मग आकृत्या समोर ठेवून, विमानाला उचलणारे बल कोठून येते, पुढे ढकलणारे बल कोठून येते, वजनाचा तोल कसा साधतो, हे एकेक प्रश्न विचारले. मजकूर व आकृत्या यांचा मेळ बसत नाही, एकाही विमानात उडण्याचे गुण नाहीत, आणि गतीसाठी सुचवलेली योजना उड्डाणाला साहाय्य करण्याऐवजी विरोध करील, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुराव्यावाचून भूतकाळाचा गौरव करण्याच्या प्रवृत्तीबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. या अभ्यासाचे मोल त्याच्या निकालापेक्षा त्याच्या रीतीत अधिक आहे. प्राचीन म्हणून मांडलेल्या ग्रंथाला त्यांनी जो मान दिला तो खरा मान होय: त्यातील विधान गांभीर्याने घेऊन तपासण्याचा.

प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा बंगळूरच्या त्या एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या लेखाचे पुन्हा वाचन करावे लागले. दाव्याला दरवेळी नवा श्रोता मिळतो. शंकेला दरवेळी पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो.

बंगळूरमधील शंकेची ही परंपरा केवळ प्रयोगशाळेपुरती नव्हती. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात अणुभौतिकी शिकवणारे एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगळूर सायन्स फोरमची स्थापना केली आणि विज्ञानाची व्याख्याने सामान्य नागरिकांसाठी खुली केली. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एका खोलीत आयुष्य काढणारा हा खादीधारी गांधीवादी १९७६ मध्ये बंगळूर विद्यापीठाचा कुलगुरू असताना त्याने चमत्कार व पडताळता येण्याजोग्या अंधश्रद्धा तपासण्यासाठी समिती नेमली. सत्य साईबाबांना समितीने तपासणीस सहकार्य करण्याची विनंती केली. तिला प्रतिसाद मिळाला नाही, वादंग माजले, आणि १९७७ मध्ये समिती विसर्जित झाली. त्याच सुमारास, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले होते. महाराष्ट्रात हाच धागा पुढे नरेंद्र दाभोलकर यांनी गावोगावी नेला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत कधीकधी यंत्राच्या दाव्याच्या मानाने फार मोठी असते.

असे दावे केवळ अशिक्षितांतून येतात, असा समज चुकीचा आहे. परमहंस तिवारी हे अनुभवी विद्युत् अभियंते होते. कारवारजवळच्या कैगा अणुवीज प्रकल्पाचे प्रमुखपद त्यांनी भूषवले होते. अवकाश हाच भोवऱ्याच्या रूपाने द्रव्य व ऊर्जा निर्माण करतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली आणि आत घातलेल्या विजेहून अधिक वीज देणारे जनित्र आपण बनवल्याचा दावा दशकानुदशके केला. २०१७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निष्ठा हे मोजमाप नव्हे. शंभराच्या बदल्यात दोनशे देणाऱ्या यंत्राची कसोटी अत्यंत सोपी आहे: त्याने दिलेल्या दोनशेंपैकी शंभर त्यालाच परत द्यावेत आणि बाहेरची तार काढून घ्यावी. यंत्र चालत राहिले तर भौतिकशास्त्राची पुस्तके नव्याने लिहावी लागतील. त्या तत्त्वावर चालणारे एकही वीजकेंद्र जगात उभे राहिलेले नाही.

जेथे निष्ठेची जागा कुहकविद्या घेते, तेथे बळी सामान्य माणसाचा जातो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन कीली याने १८७० च्या दशकापासून पाण्यातून अद्भुत शक्ती काढणारे यंत्र दाखवून भागधारकांचा पैसा गोळा केला. १८९८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या घराच्या तळघरात दाबलेली हवा साठवण्याचा लोखंडी गोल सापडला. १९९६ मध्ये तामिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पती व पाणी उकळून पेट्रोल करून दाखवले, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. ढवळण्याच्या पोकळ काठीत पेट्रोल दडवले होते, असे तपासणीत उघड झाल्याच्या बातम्या पुढे आल्या. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. इंधन महाग असलेल्या देशात गरिबाने अशा बातमीवर विश्वास ठेवला तर त्याला हसणे हा क्रूरपणा आहे. त्याला लुबाडले जाण्याआधी सावध करणे हे जाणत्याचे काम आहे. १७७५ च्या अकादमीने जे ओळखले होते ते हेच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हवेपेक्षा जड यंत्र उडणार नाही, असे मोठमोठे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हणत होते, ते चुकले, मग निरिंधन यंत्राविषयीही ते चुकत नसतील कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पक्षी उडताना सर्वांना दिसत होता. विमानाच्या आड निसर्गाचा कोणताही नियम येत नव्हता, आड येत होते ते इंजिनाचे वजन आणि माणसाचे अज्ञान. निरंतर गतीचे तसे नाही. तिच्या बाजूने निसर्गात एकही उदाहरण नाही, आणि विरुद्ध बाजूला आजवर चाललेले प्रत्येक यंत्र, प्रत्येक प्राणी आणि प्रत्येक तारा उभा आहे. म्हणून शंकेखोराने दार बंद करून घेऊ नये, परंतु आत येणाऱ्याने आपला दिवा स्वतः पेटवून दाखवावा, एवढी अट योग्यच म्हणावी लागेल. भारतीय पेटंट कायद्यानेही हेच केले आहे. १९७० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा हा शोध मानला जाणार नाही, असे पहिल्याच पोटकलमात म्हटले आहे. शोधाचा हक्क त्यामुळे कोणाकडून हिरावला जात नाही. राजमुद्रा दाखवून भोळ्याला भुलवण्याची सोय तेवढी काढून घेतली जाते.

शंका ही पश्चिमेकडून आलेली, परंपरेला परकी वस्तू आहे, असे मानणाऱ्यांनी यंत्राध्याय पुन्हा उघडून पाहावा. ब्रह्मगुप्ताचे चाक आपले आहे, तसाच त्यावरचा कुहकविद्येचा शेराही आपलाच आहे. आणि तो कोणा परदेशी टीकाकाराने नव्हे, तर ते चाक नव्याने सांगणाऱ्या आचार्यांनीच मारलेला आहे. पूर्वसूरींचा मान राखून त्यांचे मत नोंदवावे, आणि त्यावर आपण विश्वास ठेवतो असा आभास मात्र निर्माण करू नये, ही त्यांची रीत आजच्या अभिमानी लेखकाला अवघड वाटावी इतकी प्रौढ आहे. परंपरेचा वारसा सांगायचा तर तो या दोन्हींसकट सांगितला पाहिजे. केवळ चाक उचलून घेणे ही अर्धीच वारसदारी होय.

त्याच अध्यायाच्या आरंभी, नऊ यंत्रे मोजून झाल्यावर, आचार्यांनी एक दहावे यंत्र सांगितले आहे आणि पारमार्थिक यंत्र तेवढे एकच, असा निर्वाळा दिला आहे. ते धातूचे नाही, लाकडाचे नाही, त्यात पारा भरावा लागत नाही. त्याचे नाव 'धी', म्हणजे बुद्धी. अर्थात तेही निरपेक्ष नाही. त्याला अन्न लागते, शिक्षण लागते, प्रश्न विचारण्याची मोकळीक लागते. बसवनगुडीच्या व्याख्यानगृहासारखी जागा लागते आणि पाच अभ्यासकांनी खर्चिलेल्या वेळासारखे निःस्पृह श्रम लागतात. हे इंधन ज्या समाजात आटते तेथे स्वयंवह चाके पुष्कळ दिसू लागतात.